गप्प बसलेल्या पेशी

क्षयाच्या तपासणीला पहाटेचा बेडका मागतात. रात्रभर छातीत साचलेलं सकाळी उठल्या उठल्या वर येतं, आणि जंतू असलेच तर त्यात हाती लागण्याचा संभव अधिक. प्रयोगशाळेत तो काचपट्टीवर पसरून वाळवतात, वर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओततात, खालून ज्योत देतात, थोड्या वेळाने आम्लाने धुतात. बाकी सगळ्याचा रंग वाहून जातो, क्षयाच्या जंतूचा जात नाही. मग निळ्या रंगाचा एक हात दिला की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यावर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या दिसतात. झील आणि नील्सेन या दोन जर्मन संशोधकांच्या नावाची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. आता गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र तास-दोन तासांत जंतूचा डीएनए ओळखतं, तरी काचपट्टी आणि लाल काड्या अजून निवृत्त झालेल्या नाहीत.

रंग न सुटण्याचं कारण जंतूच्या अंगावरचा मेणाचा थर. या मेणातला मुख्य पदार्थ मायकोलिक आम्ल. शेंगदाण्याच्या तेलातल्या मेदाम्लांत बहुतेक करून अठरा कार्बन अणूंची साखळी असते. मायकोलिक आम्लात ती साठपासून नव्वदपर्यंत जाते. म्हणूनच हा जंतू आम्लाला दाद देत नाही, कोरडेपणा सोसतो, आणि बरीचशी औषधं त्याच्या बाहेरच अडतात.

सकाळच्या निवांत वेळी या मेणापाशी थांबावंसं वाटतं ते एका कारणाने. आजाराविषयी बोलताना आपण जंतूबद्दल बोलतो आणि औषधाबद्दल बोलतो. या दोघांच्या मध्ये जे शरीर असतं, ते महिनोन्‌महिने जंतूच्या सहवासात राहून स्वतः कसं बदलत जातं, हे बोलण्यात क्वचितच येतं. आणि त्या बदलाची एक फार सूक्ष्म, फार चमत्कारिक गोष्ट या मेणाशीच येऊन मिळते.

आपल्या टी पेशी जंतूला अख्खा ओळखत नाहीत. दुसऱ्या एखाद्या पेशीने त्याचे तुकडे करून त्यातला एक आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवला, तर त्या ओळखतात. हे तुकडे प्रथिनांचेच असतात अशी बरीच वर्षं समजूत होती. मग मेणात गुरफटलेल्या जंतूचं काय? १९९४ मध्ये बोस्टनच्या मायकेल ब्रेनर यांच्या गटाने दाखवलं, की सीडी१ नावाच्या कुळातले रेणू प्रथिनांऐवजी स्निग्ध पदार्थ मांडून दाखवतात. त्यांच्या प्रयोगात मांडलेला पदार्थ होता क्षयाच्या जंतूचं मायकोलिक आम्ल. पुढच्याच वर्षी कुष्ठरुग्णाच्या चट्ट्यातून काढलेल्या टी पेशींबाबतही तशीच गोष्ट दिसली. क्षय आणि कुष्ठ, दोन्ही एकाच घराण्यातल्या जंतूंचे आजार, दोन्ही रेंगाळणारे, आणि दोन्ही आपल्या देशाच्या चांगल्या ओळखीचे.

या सीडी१ कुळात सीडी१डी नावाचा एक रेणू आहे. त्याच्यावर मांडलेले स्निग्ध पदार्थ ओळखणाऱ्या टी पेशींना नैसर्गिक मारक टी पेशी म्हणतात, थोडक्यात एनकेटी. साधी टी पेशी शिकून तयार होते. शत्रू दिसला, ओळख पटली, मग तिच्यासारख्या हजारो तयार होणार, आणि यात आठवडा सहज जातो. एनकेटी तशी नाही. तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीचा अर्धा भाग सगळ्या माणसांत जवळजवळ सारखाच असतो, मग माणूस कल्याणचा असो की क्योतोचा. आणि तिला जे रेणू सोडायचे असतात, त्यांचा आराखडा पेशीत आधीच लिहून तयार असतो. पाहुणे दारात दिसल्यावर पीठ चाळायला घ्यावं, तशी साधी टी पेशी. एनकेटीची कणीक आधीच मळून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेली असते. म्हणून इशारा मिळाल्यावर काही तासांत ती इंटरफेरॉन-गॅमाही सोडते आणि इंटरल्यूकिन-४ही. पहिला भक्षक पेशींना चेतवतो, दुसरा प्रतिकाराला वेगळं वळण देतो. एकाच पेशीने परस्परविरोधी भासणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी सोडाव्यात, याचं कोडं संशोधकांना पहिल्यापासून पडलं.

या पेशी हुकमी जाग्या कशा करायच्या, याचं उत्तर समुद्रातून आलं. जपानच्या ओकिनावा बेटांजवळच्या एका स्पंजात सापडलेल्या पदार्थाने उंदरांतल्या गाठी कमी होत होत्या. ते काम किरीन या बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या औषध विभागात चाललं होतं. त्या पदार्थावरून त्यांनी अल्फा-गॅलॅक्टोसिल सेरामाइड नावाचा एक स्निग्ध रेणू तयार केला. १९९७ मध्ये मासारू तानिगुची यांच्या गटाने दाखवलं, की हा रेणू सीडी१डीवर बसतो आणि एनकेटी पेशींना क्षणात चेतवतो. स्पंजाचा आणि आपल्या रक्ताचा संबंध काय, असं विचारणाऱ्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

एवढी तयारी असूनही या पेशी माणसाच्या रक्तात अगदी थोड्या. हजार टी पेशींत एखादी, पुष्कळदा तीही नाही. शिवाय निरोगी माणसांतही एकाच्या आणि दुसऱ्याच्या प्रमाणात शंभरपटीपर्यंत फरक पडतो. उंदराच्या यकृतात मात्र त्या मुबलक, तिथल्या लिम्फोसाइट पेशींत तीस टक्क्यांपर्यंतही. या विषयातलं बरंचसं ज्ञान उंदरांवरून आलेलं आहे ते यामुळेही. वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

क्षयाच्या जंतूंनी भरलेल्या भक्षक पेशींबरोबर प्रयोगशाळेत एनकेटी पेशी ठेवल्या, तर त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि भक्षक पेशीच्या पोटातल्या जंतूंना आवर घालतात. उंदरांच्या पेशींत हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. त्यासाठी जंतूचा स्निग्ध पदार्थ दरवेळी दिसलाच पाहिजे असंही नाही. भक्षक पेशीने इंटरल्यूकिन-१२ सोडलं आणि शरीराचाच एखादा स्निग्ध रेणू सीडी१डीवर मांडला, तरी त्या उठतात. पण ज्या उंदरांत सीडी१डी मुळातच नाही आणि म्हणून एनकेटी पेशीही नाहीत, ते उंदीर क्षयाला इतरांपेक्षा फारसे जास्त बळी पडत नाहीत. या पेशींवर आयुष्य घालवणाऱ्यांना ही गोष्ट टोचत असणार. मला ती दिलासा देणारी वाटते. शरीराने आपला सगळा भार एकाच खांद्यावर टाकलेला नाही, एवढाच तिचा अर्थ. 'या पेशी किती जंतू मारतात' हा प्रश्न त्यामुळे जरा मागे सरतो. आजार लांबला की त्यांचं काय होतं, हा दुसरा प्रश्न पुढे येतो, आणि माझं मन त्यातच अधिक रमतं.

लांबणं हा क्षयाचा स्वभावच आहे. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू जगापुढे मांडला. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांना क्षयाने नेलं. तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जंतूला नाव मिळून पाच वर्षं होत आली होती आणि त्याच्यावर औषध सापडायला अजून छप्पन्न वर्षं होती. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ चं. मधल्या त्या सगळ्या काळात जो कोणी क्षयाशी झगडला, तो आपल्या शरीराच्या बळावरच. त्या काळातल्या नोंदींवरून असा अंदाज निघतो, की बेडक्यात जंतू दिसणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के दहा वर्षांत दगावत. उरलेल्या तिसांच्या शरीराने मात्र कसाबसा मार्ग काढला.

मार्ग काढणारे आजही कमी नाहीत. जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांना क्षयाच्या जंतूचा संसर्ग केव्हा ना केव्हा होऊन गेलेला आहे, आणि त्यांतल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात प्रत्यक्ष आजार होतो. तरी हा आकडा लहान नाही. २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसं क्षयाने आजारी पडली आणि त्यांतला चौथ्याहून थोडा मोठा वाटा भारताचा होता. बाकीच्या कोट्यवधी लोकांच्या फुप्फुसांत एखाद्या लहानशा गाठीत जंतू आणि शरीर वर्षानुवर्षं एकमेकांना सांभाळून असतात, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. तो सकाळी उठतो, चहा घेतो, लोकल पकडतो.

आता ज्यांचा आजार उघडा होतो, त्यांच्या एनकेटी पेशी पाहू. फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांच्या रक्तात या पेशी निरोगी माणसांपेक्षा कमी आढळतात. दक्षिण कोरियातल्या एका गटाने २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली. उरलेल्या पेशींना स्पंजाच्या त्या रेणूने हाक मारली, तर त्या पूर्वीसारख्या वाढत नाहीत. हाक पोचते, प्रतिसाद मंद येतो.

एचआयव्हीत हे अधिक ठळकपणे घडतं. एनकेटी पेशींच्या एका गटावर सीडी४ असतं आणि विषाणूला आत शिरायला लागणारा सीसीआर५ हा दुसरा रेणूही असतो. त्यामुळे विषाणू थेट त्यांच्यावरच येतो आणि हा गट लवकर रिकामा होतो. २००२ च्या सुमारास दोन-तीन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. नंतर असंही दिसलं, की ज्या मागे राहतात त्या थकलेल्या असतात. हा विषाणू एवढ्यावर थांबत नाही. तो ज्या पेशीत शिरतो, तिच्या पृष्ठभागावरून सीडी१डी आत ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याची नेफ आणि व्हीपीयू ही दोन प्रथिनं कामाला लागतात. ज्या पेशींवाचून उंदराचं फारसं अडलं नाही, त्यांना टाळण्यासाठी विषाणूने एवढा खटाटोप करावा! उंदरांच्या त्या प्रयोगावरून एनकेटी पेशींना बिनमहत्त्वाच्या ठरवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

पण 'रक्तात कमी झाल्या' म्हणजे नेमकं काय झालं? माझ्या मते साऱ्या विषयाची मेख इथेच आहे. त्या मेल्या असतील. रक्त सोडून फुप्फुसात, यकृतात, जिथे काम आहे तिथे गेल्या असतील. किंवा जागेवरच असतील, फक्त आपल्याला दिसत नसतील. नळीभर रक्त काढून मोजदाद केली, तर तिन्हींचा आकडा सारखाच येतो. रक्त म्हणजे नुसती वाट. तिथे गर्दी कमी दिसली यावरून घरं ओस पडली असं म्हणता येत नाही. जिवंत माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा अभ्यासासाठी सहज मिळत नाही, म्हणून आपण रक्तावर भागवतो. त्यात मोजण्याच्या रीतीही दोन. सीडी१डीवर स्पंजाचा रेणू बसवून या पेशी नेमक्या ओळखायची युक्ती २००० साली आली. त्याआधी, आणि स्वस्त पडते म्हणून त्यानंतरही, पुष्कळांनी टी पेशी आणि मारक पेशी दोघींच्या खुणा अंगावर असलेल्या सगळ्यांनाच एनकेटी म्हणून मोजलं. ती टोळी बरीच मोठी आणि वेगळ्या वळणाची. एका शोधनिबंधात क्षयात एनकेटी वाढल्या असं आणि दुसऱ्यात घटल्या असं वाचायला मिळालं, तर दोघांनी कोणाला मोजलं ते आधी पाहावं, मग मत बनवावं.

दिसेनाशा होण्याचा किस्सा तर सांगायलाच हवा. स्पंजाचा रेणू उंदराला टोचला की पहिल्या दिवसातच त्याच्या यकृतातल्या आणि प्लीहेतल्या एनकेटी पेशी जवळजवळ नाहीशा होत. चेतवल्यामुळे त्या भराभर मरून जातात, असा निष्कर्ष निघाला, छापला गेला, आणि काही वर्षं मानलाही गेला. मग २००३-०४ च्या सुमारास लक्षात आलं, की त्यांतल्या बहुतेक जिवंतच आहेत. ज्या ग्राहीवरून त्यांना ओळखायचं, ती ग्राहीच त्यांनी पृष्ठभागावरून आत घेतली होती. काही वेळाने त्या पुन्हा दिसू लागत आणि दोन-तीन दिवसांत संख्येने पूर्वीपेक्षाही वाढत. सगळ्याच वेळी असं होतं असं मात्र नाही. एलसीएमव्ही नावाचा विषाणू उंदराला दिल्यावर एनकेटी पेशी खरोखरच मरतात आणि त्यांची संख्या दीर्घकाळ भरून येत नाही, असं २००१ मधलं निरीक्षण आहे. म्हणजे नाहीसं होणं आणि लपणं, दोन्ही घडतं. कुठे कोणतं, हे त्या त्या ठिकाणी शोधावं लागतं.

त्या परतलेल्या पेशींची पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावते. संख्या भरून येते, पण नंतर महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ त्या गप्प राहतात. तोच रेणू पुन्हा टोचला तरी इंटरफेरॉन-गॅमा फारसं निघत नाही. २००५ मध्ये हे स्पष्ट झालं. २००८ मध्ये दिसलं, की यासाठी स्पंजच लागतो असं नाही. जिवाणूंचा खराखुरा संसर्ग होऊन गेला तरी उंदराच्या एनकेटी पेशी अशाच मौन धरतात.

वैद्यकाला ही गप्प बसण्याची ओळख जुनीच आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी आणली. आपल्याकडे हातावर टोचतात ती मांटू चाचणी तिचीच धाकटी बहीण. क्षयाचा संसर्ग झालेल्या मुलाच्या हातावर गाठ उठायची. पण १९०८ मध्ये पिर्के यांनी पाहिलं, की गोवर निघालेल्या मुलांत ही गाठ काही दिवस उठतच नाही. जंतू तर छातीत तिथेच होता. आजही क्षय सर्वांगात पसरलेल्या, पोषण अगदी खालावलेल्या किंवा एचआयव्ही असलेल्या रुग्णाचा हात कधी कधी कोराच राहतो. कोऱ्या हातावरून 'क्षय नाही' असं म्हणायची घाई अनुभवी डॉक्टर करत नाही.

पेशी गप्प बसतात कशा, याचा एक धागा क्योतोत सापडला. १९९२ मध्ये तिथल्या तासुकू होन्जो यांच्या गटाने पीडी-१ नावाचा रेणू शोधला. पेशीच्या पृष्ठभागावर तो आला आणि समोरून त्याचा जोडीदार भेटला, की पेशीचा जोर उतरतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचे रफी अहमद, जन्माने हैदराबादचे, यांच्या गटाने दाखवलं, की चिवट विषाणूच्या सहवासात दमलेल्या टी पेशींवर हाच रेणू दाटून येतो, आणि तो अडवला तर त्या पेशी पुन्हा कामाला लागतात. होन्जो यांना २०१८ मध्ये जेम्स अॅलिसन यांच्याबरोबर नोबेल मिळालं ते याच वाटेवर उभ्या राहिलेल्या कर्करोगाच्या उपचारांसाठी. एनकेटी पेशींतही हेच सूत्र आढळलं. एचआयव्हीच्या जुन्या रुग्णांत उरलेल्या एनकेटी पेशींवर पीडी-१ वाढलेला असतो. कोरियातल्या क्षयरुग्णांत तो वाढलेला होता, आणि दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासकांनीही २०१४ मध्ये क्षयरुग्णांच्या एनकेटी पेशींना हाच रेणू आवरून धरतो असं मांडलं.

मग हा लगाम काढून टाकावा, असं कोणालाही वाटेल. पेशी आहेत, जंतू आहे, मध्ये एक रेणू आडवा आलाय, तो बाजूला केला की झालं. पीडी-१ नसलेले उंदीर जन्माला घालून त्यांना क्षयाचा संसर्ग दिला, तेव्हा उलटंच झालं. ते उंदीर साध्या उंदरांच्या कितीतरी आधी मेले. प्रतिकार जोरात होता, इंटरफेरॉन-गॅमा भरपूर होतं, आणि तरी फुप्फुसं जंतूंनी भरलेली आणि दाहाने सडलेली होती. पीडी-१ अडवणारी औषधं कर्करोगासाठी घेणाऱ्या काही रुग्णांत झोपलेला क्षय उसळून आल्याच्या नोंदी आहेत. आणि २०२१ मध्ये एका मुलाविषयी प्रसिद्ध झालं. जन्मतःच पीडी-१ नसलेलं हे मूल. त्याला क्षयही झाला, आणि त्याच्या प्रतिकारयंत्रणेने त्याच्याच अवयवांवर हल्लाही केला. हे सारे अनुभव एकट्या एनकेटी पेशींचे नाहीत, सगळ्याच टी पेशींचे मिळून आहेत. पण त्यांतून निघणारा अर्थ एनकेटीलाही लागू पडावा, असं मानायला जागा आहे.

क्षयात फुप्फुसाला पडणारी पोकळी जंतू एकटा खणत नाही. बरंचसं खोदकाम शरीराच्या स्वतःच्या दाहाने होतं. औषधांनी जंतू संपतो, बेडका स्वच्छ येतो, आणि तरी कित्येकांना जिना चढताना धाप लागते, कारण जखम भरली तिथे व्रण राहिला. आठवडाभराच्या आजारात शरीराने सगळा जोर लावला तर हिशेब लवकर मिटतो. वर्षानुवर्षांच्या आजारात रोज तेवढाच जोर लावणं म्हणजे स्वतःलाच पोखरणं. तेव्हा सगळ्यांत आधी उठणाऱ्या, सगळ्यांत झटपट बोलणाऱ्या पेशींनी सगळ्यांत आधी आवाज खाली आणावा, यात मला हार दिसत नाही. निदान निखळ हार तरी नाही. जंतूलाही त्याचा फायदा मिळतो हे खरंच. शरीर तो फायदा देऊन बदल्यात काहीतरी राखतं. दीर्घ आजाराने थकलेल्या माणसाला 'जरा जोर कर, मनावर घे' असं सांगणारे आपण सगळेच असतो. त्या वेळी त्याच्या आत कसला सौदा चालू आहे, याची आपल्याला कल्पना नसते. जोर कमी पडतोय म्हणून तो पडून आहे, की जोर आवरून धरलाय म्हणून तो अजून आहे, हे बाहेरून सांगता येत नाही.

म्हणून जाग कधी आणायची, याला महत्त्व येतं. एचआयव्हीत विषाणूरोधक औषधं लवकर सुरू केली तर एनकेटी पेशी काही प्रमाणात परत येतात, उशीर झाला तर तेवढ्या येत नाहीत. इथे त्यांना कोणी डिवचलेलं नसतं. रोजची चिथावणी थांबलेली असते, तेवढंच. क्षयातही सहा महिन्यांच्या गोळ्या जंतूंबरोबर ही अखंड चिथावणी कमी करतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन-तीन आठवड्यांत खोकला उतरतो, भूक लागते, आणि घरात 'आता कशाला एवढ्या गोळ्या' सुरू होतं. मेणाच्या आडोशाला मंद गतीने जगणारे जंतू तेव्हा अजून शिल्लक असतात, आणि शरीरही अजून सावरलेलं नसतं.

दुसरी वाट आजाराच्या आधीची. स्पंजाचा रेणू एकटाच टोचला तर एनकेटी पेशी आधी गर्जतात आणि मग महिनाभर मौन धरतात, हे आपण पाहिलं. न्यूयॉर्कच्या स्टीव्हन पोर्सेली यांच्या गटाने तो एकटा दिलाच नाही. बीसीजी लशीतल्या जिवंत जंतूंच्या मेणकट आवरणात त्यांनी तो मिसळून टाकला. २००९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केल्याप्रमाणे, ज्या उंदरांना ही मिसळलेली लस टोचली होती, त्यांचा पुढे क्षयापासून झालेला बचाव नुसत्या बीसीजीपेक्षा सरस निघाला.